सड्यावर विमान उडवायला शिकताना

रेडिओवर चालणारे छोटे विमान उडवण्याचा नाद मला चाळिशीत लागला, आणि राजापूर तालुक्यात राहत असल्यामुळे शिकण्यासाठी वाट्याला आला तो घरामागचा कातळसडा, म्हणजे जांभ्या खडकाचे उघडे पठार. नवशिक्यांसाठीच्या बहुतेक सूचना सपाट, गवताळ मैदान गृहीत धरतात. त्यांतल्या कोणत्या आपल्याकडे बदलाव्या लागतात, ते मला मोडतोड करूनच कळले.

पहिले विमान लढाऊ विमानासारखे देखणे असू नये. पंख धडाच्या वर बसवलेला, टोकांकडे किंचित उचललेला आणि साधारण एक मीटर लांबीचा ‘ट्रेनर’ घ्यावा, कारण हात सोडल्यावर तो बराचसा आपोआप सरळ होतो. त्याला २२१२ आकाराची ब्रशलेस मोटर, ९ ग्रॅमचे सर्व्हो (पंख-शेपटीवरच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि तीन सेलची २२०० एमएएचची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पुरते. बाल्सा या हलक्या लाकडाचे विमान सुंदर असते, पण जांभ्यावर एकदा आपटले की त्याच्या काड्या गोळा कराव्या लागतात. ईपीपी हा लवचीक फोम वाकतो आणि ग्लूगनने जोडता येतो. रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा आणि किमान चार चॅनेलचा, म्हणजे चार गोष्टी वेगवेगळ्या हलवू शकणारा असावा.

विमान हाती येण्याआधी संगणकावरील सिम्युलेटरवर दोन-तीन आठवडे काढावेत. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की डावे-उजवे उलटते आणि नवशिका नेमका तिथेच गडबडतो. अशा वेळी जो पंख खाली गेलेला दिसतो त्याच बाजूला रेडिओवरची काडी (स्टिक) ढकलावी, म्हणजे विमान सरळ होते. ही एक युक्ती बोटांत मुरेपर्यंत मी खरे विमान उडवायला नको होते.

खरा प्रश्न वाऱ्याचा. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. ऊन चढले की तो पडतो आणि मग समुद्राकडून खारा वारा सुटतो. या दोहोंमधला शांत वेळ, माझ्या सड्यावर हिवाळ्यात साधारण आठ ते दहा, हाच नवशिक्याचा वेळ. एकदा ‘आणखी एकच बॅटरी’ म्हणत मी साडेअकरापर्यंत थांबलो. खारा वारा भरात होता आणि मी विमान वाऱ्याच्या दिशेने, माझ्या पाठीमागे जाऊ दिले. ताशी पस्तीस किलोमीटरच्या आसपास उडणाऱ्या विमानाला वीसचा वारा मिळाला की ते बघता बघता ठिपका होते, आणि परत येताना मात्र जागच्या जागी उभे असल्यासारखे वाटते. ते खालच्या काजूच्या बागेत गेले. दोन दिवसांनी गुराख्याने फक्त पंख आणून दिला. तेव्हापासून विमान सदैव वारा येतो त्या बाजूला, म्हणजे माझ्यासमोर ठेवतो. सड्याच्या कड्यापासूनही दूर उभे राहतो, कारण कड्यावर आदळून वर चढलेला वारा मागे भोवरे करतो आणि उतरणारे विमान त्यात अचानक खाली बसते.

उडवण्यापूर्वी पंखाखाली दोन बोटे धरून तोल पाहावा. पंखाच्या रुंदीच्या पुढून पाव ते तिसऱ्या हिश्श्यादरम्यान तो साधला पाहिजे. नाक किंचित जड चालेल, शेपूट जड मुळीच चालणार नाही. मग एलेरॉन (पंखावरच्या झडपा), एलिव्हेटर (शेपटीची आडवी झडप), रुडर (शेपटीची उभी झडप) योग्य दिशेला हलतात ना, हे विमानामागे उभे राहून तपासावे. बॅटरी जोडताना थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग ठरवणारी काडी, शून्यावर आणि बोटे प्रोपेलरपासून लांब असावीत.

ओहोटीच्या वेळची ओली, घट्ट पुळण धावपट्टी म्हणून मोहात पाडते. मात्र खारी रेती मोटरच्या बेअरिंगमध्ये शिरते, म्हणून मी तिथे फार जात नाही. सड्यावरही आधी पायी फिरून घ्यावे. बारसू, देवीहसोळकडच्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत आणि त्यांवर गाडी नेणे वा विमान घासत उतरवणे योग्य नव्हे.

ड्रोन नियम, २०२१ या विमानांनाही लागू होतात. सरकारी हवाई नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, परंतु रत्नागिरी आणि चिपी विमानतळांच्या आसपास राहणाऱ्यांनी हा नकाशा पाहिल्याशिवाय विमान बाहेर काढू नये.

जूनपासून उड्डाण बंदच असते. लायपो पूर्ण भरून, म्हणजे सेलमागे ४.२ व्होल्टवर, चार महिने ठेवल्यास फुगते, ती ३.८ व्होल्टवर आणून पत्र्याच्या डब्यात ठेवावी. दमट हवेने सर्व्होच्या जोडण्या हिरवट होतात, म्हणून ऑक्टोबरात पहिल्यांदा त्याच पाहाव्यात. तोवर सड्यावरचे गवत पिवळे पडलेले असते आणि विमान पोटावर उतरवायला त्याहून मऊ जागा वर्षभरात पुन्हा मिळत नाही.