ग्रीक विशेषण कसे शिकावे : 'हेदुस्' म्हणजे गोड

प्राचीन ग्रीक शिकायला घेतलेल्या मराठी माणसाने विशेषणांची सुरुवात 'हेदुस्'पासून करावी, असे माझे ठाम मत आहे. शाळेतले संस्कृत इथे थेट कामी येते.

आधी अर्थ पक्का करा. 'हेदुस्' म्हणजे जिभेला, नाकाला, कानाला किंवा मनाला गोड. होमरच्या 'ओडिसी' महाकाव्यात पहिल्या सर्गाच्या शेवटाकडे अथेना देवी नायकाची बायको पेनेलोपी हिच्या पापण्यांवर झोप आणते, तीही 'हेदुस्'च. माणसाला मात्र हा शब्द टोमणा म्हणूनही लागतो. प्लेटोच्या 'रिपब्लिक' या संवादात वाद घालणारा थ्रासिमाखस सॉक्रेटिसला 'हेदुस्' म्हणतो, तेव्हा त्याचा सूर 'गोडच आहेस की तू!' असा असतो.

मग संस्कृत 'स्वादु' शेजारी ठेवा. दोन्ही एकाच मुळाचे. ग्रीकमध्ये सुरुवातीच्या 'स्व'चा 'ह' झाला आणि अथेन्सच्या बोलीत 'आ'चा 'ए'. डोरिक या दुसऱ्या ग्रीक बोलीत 'हादुस्' असा 'आ' टिकून आहे.

आता लिंगे. आपला 'गोड' आंब्यालाही तोच आणि कैरीलाही तोच. 'हेदुस्' मात्र 'चांगला-चांगली-चांगले'सारखा बदलतो : पुल्लिंगी हेदुस्, स्त्रीलिंगी हेदेइआ, नपुंसकलिंगी हेदु. हे तिन्ही एका दमात म्हणायची सवय लावा.

विभक्त्या संबोधन धरून पाचच. पंचमीचे काम षष्ठी करते, तृतीया-सप्तमीचे चतुर्थी. पुल्लिंगी एकवचन असे :

प्रथमा – हेदुस्
द्वितीया – हेदुन्
षष्ठी – हेदेओस्
चतुर्थी – हेदेइ
संबोधन – हेदु

प्रत्ययापूर्वीचा 'उ' षष्ठीत 'ए' होतो, तिथेच नवशिके अडखळतात. षष्ठी-चतुर्थीत नपुंसकलिंग पुल्लिंगासारखेच चालते. स्त्रीलिंग वेगळ्या वाटेने जाते : हेदेइआ, हेदेइआन्, हेदेइआस्, हेदेइआइ. अनेकवचनाची प्रथमा हेदेइस्, हेदेइआइ, हेदेआ. द्विवचन सुरुवातीला बाजूला ठेवले तरी चालेल.

तर-तम भाव सर्वांत सोपा. अधिक गोड 'हेदिओन्', सर्वांत गोड 'हेदिस्तोस्'. संस्कृतात स्वादीयस् आणि स्वादिष्ठ; आपण जेवताना 'स्वादिष्ट' म्हणतो तो हाच तमभाव.

शेवटी वाचनात एक गोष्ट हेरा : नपुंसकलिंगी 'हेदु' क्रियाविशेषण म्हणूनही येतो. होमरच्याच 'इलियड'च्या दुसऱ्या सर्गात थर्सितीस या तोंडाळ सैनिकाला मार बसल्यावर सैनिक 'हेदु' हसतात, म्हणजे मनापासून, खूश होऊन. इथपर्यंत जमले की ग्लुकुस् (गोड), बारुस् (जड, संस्कृत गुरु) आणि ओकुस् (वेगवान, संस्कृत आशु) याच साच्यात स्वतः चालवून पाहा.