पिकअपमागे मोठी बोट ओढायची असेल तर (टेक्सासवाल्यांसाठी)

उन्हाळा जवळ आला की डॅलस, ह्यूस्टनकडच्या आपल्या मंडळींना बोटीचे वेध लागतात, तीन-चार कुटुंबं मिळून वापरलेली २४-२६ फुटी बोट बघतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, माझा ट्रक ओढेल का? अहो ओढेल, आजकालचे हाफ-टन (म्हणजे नेहमीचे, एफ-१५० सारखे) ट्रकपण जाहिरातीत दहा-अकरा हजार पाउंड सांगतात. खरी गोची ट्रकच्या मागच्या बाजूवर किती वजन बसतंय आणि सगळं लटांबर थांबतंय का, यात असते.

ब्रोशर बाजूला ठेवा आणि ड्रायव्हरचं दार उघडा, चौकटीवर टायर प्रेशरचा स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पाउंड चालतील ते लिहिलेलं असतं. हा तुमच्या ट्रकचा पेलोड, सनरूफ-लेदर सगळं धरून, आणि ट्रेलर हिचवर (ट्रकमागच्या जोडावर) जेवढा खाली दाबतो ते टंग वेट यातच मोजायचं असतं, हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं.

आता हिशोब मांडू. २६ फुटी बोट, इंजिनासकट कोरडी ५,५०० पाउंड धरा (आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेर मोटर लटकवलेल्या, बोटीच्या कागदावरच्या वजनात कधीकधी इंजिन धरलेलंच नसतं, विचारून घ्या). ८० गॅलन गॅस, गॅलनला साधारण ६ पाउंड, म्हणजे ४८०. ट्रेलर १,६००. बॅटऱ्या, अँकर, दोऱ्या, लाइफ जॅकेटं मिळून ४००. झाले जवळजवळ ८,०००. टंग वेट १० टक्के धरलं तर ८००, ट्रकमध्ये चार मोठी माणसं ६५०, एकूण १,४५०. स्टिकरवर १,५०० असेल तर उरले ५० पाउंड, तेवढ्यात बॉल माउंट (हिचचा बॉल धरणारा लोखंडी दांडा) आणि बर्फाने भरलेला कूलर बसवून दाखवा. म्हणून माझं मत, आठ हजाराच्या पुढे थ्री-क्वार्टर टनच (एक पायरी वरचा, एफ-२५० सारखा ट्रक) घ्या, आणि अंदाजावर राहू नका, हायवेवरच्या ट्रक स्टॉपला कॅट स्केल (ट्रकचा वजनकाटा) असतो तिथे सगळं भरून एकदा वजन करा, किरकोळ पैशात काम होतं.

टंग वेट वाचवायला बोट ट्रेलरवर मागे सरकवायची आयडिया मात्र अजिबात करू नका, पुढचा भार कमी झाला की ट्रेलर डुलायला लागतो. डुललाच तर गॅसवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेक दाबू नका.

ब्रेक. टेक्सासमध्ये ट्रेलरचं एकूण वजन ४,५०० पाउंडांच्या वर गेलं की ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात (कॅलिफोर्नियात ३,००० लाच लागतात, शिवाय तिथे ट्रेलर मागे असेल तर ५५ च्या वर जायचं नाही). बोटीच्या ट्रेलरला बहुतेक सर्ज ब्रेक असतात, म्हणजे ट्रक हळू झाला की ट्रेलर पुढे ढकलतो आणि त्या दाबाने ब्रेक लागतो. यातली मेख अशी की रिव्हर्स घेतानापण ट्रेलर दाबलाच जातो, मग चढावर उलटा घ्यायला गेलात की ढिम्म हलत नाही. त्यासाठी पाच पिनचा प्लग असतो, पाचवी निळी वायर रिव्हर्स लाइटला जोडलेली असली की मागे जाताना ब्रेक सुटतात. चार पिनचा अडॅप्टर लावून काम भागवलंत तर ड्राइव्हवेमध्ये शेजाऱ्यांना फुकट करमणूक.

हिचचा बॉल नीट बघा. २ इंची आणि २ पूर्णांक ५/१६ इंची, लांबून सारखेच दिसतात, पण छोट्या बॉलवर मोठा कपलर (ट्रेलरचा बॉलवर बसणारा भाग) बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात सुटतो. साइज आणि किती पाउंड झेपतात ते बॉलवर कोरलेलं असतं. लॅच लावून पिन घातली की जॅक फिरवून टंग (ट्रेलरचा पुढचा दांडा) थोडी वर उचला, ट्रकचं बूड सोबत उचललं गेलं तर पकड पक्की. साखळ्या कपलरखाली क्रॉस करून लावा, म्हणजे चुकून सुटलाच तर टंग त्यांच्यावर पडते, रस्त्यात रुतत नाही. ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) वेगळी लावा, साखळीलाच नको.

रुंदी ८ फूट ६ इंचापर्यंत असेल तर परमिट नको, बाजारात इतक्या बोटी नेमक्या ८ फूट ६ इंचीच दिसतात त्या यामुळेच. त्याहून रुंद असेल तर टेक्सास डीएमव्हीकडून ओव्हरसाइज परमिट घ्यायचं, ओक्लाहोमात शिरलात की त्यांचं वेगळं, आणि असा माल साधारण दिवसाउजेडीच न्यायचा असतो. बोट किंवा मोटर ट्रेलरच्या मागे ४ फुटांहून जास्त बाहेर येत असेल तर लाल झेंडा, रात्री लाल दिवा. लायसन्सचं म्हणाल तर ट्रेलरच्या वजनाच्या प्लेटवर (नंबर प्लेट नव्हे) १०,००० पाउंडांच्या वर आणि ट्रक-ट्रेलर मिळून २६,००१ किंवा वर रेटिंग असेल तर नॉन-सीडीएल (व्यावसायिक नसलेलं) क्लास ए लागतं, १४,००० चा ड्यूअली (मागे चार चाकांचा ट्रक) आणि १४,००० चा ट्रेलर घेतला की तुम्ही त्यात आलात.

निघण्याआधी मागचे ट्रान्समचे (बोटीच्या मागच्या भिंतीचे) पट्टे, पुढे विंचच्या (बोट ओढून घेणाऱ्या चरखीच्या) पट्ट्यासोबत वेगळी साखळी, बिमिनी (कापडी छत) खाली, कुशनं आत. टायर थंड असताना हवा भरा, साइडवॉलवर चार आकडी तारीख बघा (आठवडा आणि वर्ष), पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षी कितीही नवी दिसू दे, बदला. ट्रेलरचे बरेच एसटी (खास ट्रेलरसाठीचे) टायर ६५ मैलांच्याच हिशोबाने बनवलेले असतात, आय-४५ वर बोर्ड ७५ चा असला तरी तुम्ही उजव्या लेनमध्ये ६५ लाच राहा, ट्रकचा टो-हॉल मोड (ओझं ओढतानाचं गिअर सेटिंग) चालू. पंधरा-वीस मैलांवर थांबून चाकांच्या हबला हात लावून बघा, एकच हब चटका देत असेल तर बेअरिंग नाहीतर ब्रेक अडकलाय.

टेक्सोमा लेकहून गॅल्व्हेस्टनला किंवा दुसऱ्या कुठल्याही लेकला जाताना बिल्ज (बोटीचा तळ), लाइव्हवेल (मासे ठेवायची टाकी) सगळ्यातलं पाणी काढून टाका, टेक्सोमात २००९ मध्ये झेब्रा मसल (बोटींबरोबर पसरणारे उपद्रवी शिंपले) सापडले तेव्हापासून हा विषय गंभीर आहे आणि आता कायद्यानेच सक्ती आहे. गॅल्व्हेस्टनहून परत आलात की ब्रेक गोड्या पाण्याने धुवा, खाऱ्या पाण्याने वर्षभरात गंजून जातात.

बोट पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर घाई नको, गरम हब थंड पाण्यात गेले की आत पाणी ओढतात, दहा-पंधरा मिनिटं थांबा, तेवढ्यात ड्रेन प्लग लावा, लाइटचा प्लग काढा (पाच पिनवाल्यांनी शेवटचं मागे घेऊन झाल्यावर, नाहीतर ब्रेक परत लागतील), ट्रान्समचे पट्टे सोडा. विंचचा पट्टा मात्र बोट पाण्यात तरंगेपर्यंत सोडायचा नाही.