मतदानाला जाताना खिशात काय हवं

निवडणुकीची ड्यूटी लागली की बहुतेक वेळा माझ्या वाट्याला मतदान अधिकारी क्रमांक एकची खुर्ची येते. शाळेत हजेरी घेणारी बाई, तिथेही हजेरीच घेते. यादी माझ्यासमोर, ओळखपत्र बघायचं मी, नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचायचा मी, म्हणजे मागे बसलेल्या, उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींना ऐकू जातं. मग नावावर तिरकी रेघ. बाई असेल तर अनुक्रमांकाला गोलसुद्धा.

या टेबलावरची बरीचशी भांडणं एकाच समजातून होतात: कार्ड आहे म्हणजे मत आहे. तसं नसतं. मताचा हक्क बजावता येतो तो यादीत नाव असल्यामुळे. यादीतली ती व्यक्ती तुम्हीच, एवढंच कार्ड सांगतं. कार्ड कितीही चकचकीत असो, यादीत नाव नसेल तर केंद्राध्यक्षसुद्धा काही करू शकत नाहीत.

म्हणून आधी नाव बघा. निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर किंवा आयोगाच्या ॲपवर कार्डाचा नंबर टाकला की यादीचा भाग आणि अनुक्रमांक कळतो. नेट जमत नसेल तर १९५० ला फोन लावा, किंवा सरळ बीएलओला, म्हणजे तुमच्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, गाठा. नाव कुठेच नसेल तर नमुना ६, म्हणजे नव्या नोंदणीचा अर्ज. पत्ता बदलला, नावात चूक आहे, कार्ड हरवलं, तर नमुना ८. घर बदललेले लोक नवीन गावी पुन्हा नमुना ६ भरतात आणि नाव दोन्हीकडे राहतं. असं करू नका, खोट्या निवेदनाला एक वर्षापर्यंत कैद आहे. अठरा पूर्ण झालीत का हे आता वर्षातून चार तारखांना मोजतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा संपलेल्या मुलांना अर्ज आधीच देता येतो. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख गेली की मात्र त्या निवडणुकीपुरतं यादीत नवं नाव चढत नाही.

आता कार्ड. मतदार ओळखपत्र असेल तर उत्तम. ते दुसऱ्या मतदारसंघात काढलेलं असलं तरी चालतं, यादीत नाव इथे असलं म्हणजे झालं. ‘सुरेखा’चं ‘सुलेखा’ झालेलं असेल तर त्यावरून कुणी परत पाठवत नाही. अडचण येते फोटोची. अठराव्या वर्षीचा मिसरूड फुटलेला चेहरा आणि समोर टक्कल पडलेले काका! फोटोवरून ओळख पटत नसेल तर दुसरा पुरावा मागावाच लागतो.

लोकसभा-विधानसभेला दुसरा पुरावा म्हणून आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, दिव्यांगांचं यूडीआयडी ओळखपत्र, सरकारी नोकरीचं ओळखपत्र, यांतलं एक पुरतं. मूळ प्रत आणा, झेरॉक्स नको. परदेशी राहणाऱ्या, नमुना ६अ भरून नोंदलेल्या मतदारांना मात्र मूळ पासपोर्टच लागतो.

घरी येते ती मतदार माहिती चिठ्ठी ओळखपत्र नाही. ती नुसती अनुक्रमांक सापडायला. माझं काम तिने फार हलकं होतं, पण २०१९ पासून एकट्या चिठ्ठीवर मत देता येत नाही. रेशनकार्ड, कॉलेजचं आयकार्डही नाही. आणि मोबाइलमधला फोटो दाखवायचा विचार असेल तर मोबाइलच आत नेता येत नाही.

तुमच्या ओळखीवर एखाद्या प्रतिनिधीने हरकत घेतली तर घाबरू नका. त्याला आधी दोन रुपये भरावे लागतात, मग केंद्राध्यक्ष चौकशी करतात. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तरी घरी जाऊ नका. ओळख पटली तर प्रदत्त मत देता येतं: यंत्रावर नाही, मतपत्रिकेवर, आणि ती वेगळ्या पाकिटात बंद होते. नेहमीच्या मोजणीत ती धरत नाहीत, पण निकाल कोर्टात गेला तर कामी येऊ शकते. आपणहून कुणी सांगेलच असं नाही, केंद्राध्यक्षांकडे स्वतः मागा.