तालुक्यातल्या कूलर-फ्रिज-एसी मेकॅनिकांची संघटना: उभी कशी करायची, चालवायची कशी

विदर्भाच्या तालुक्यांत थंडाव्याचं काम करणारी माणसं विखुरलेली आहेत. एक जण बसस्टँडजवळ कूलरच्या मोटारी भरतो, दुसरा फ्रिजमध्ये गॅस भरतो, तिसरा आयटीआय करून एसी बसवतो, चौथा दूध संकलन केंद्रावरचा चिलर सांभाळतो. होळीपासून मृग लागेपर्यंत कुणालाच फुरसत नसते. अशा माणसांना एकत्र आणायचं तर एकट्याला न परवडणारं साहित्य आणि एकट्याला न उलगडणारा फॉल्ट, या दोन गरजा संघटनेने भागवल्या पाहिजेत. म्हणून बॅनर आणि पदाधिकाऱ्यांची यादी नंतर. आधी अवजारं.

सामाईक साहित्य

सात-आठ जण जमले की पहिल्या वर्गणीतून चार ते सहा सीएफएमचा (मिनिटाला इतके घनफूट हवा ओढणारा) टू-स्टेज व्हॅक्यूम पंप, मायक्रॉन गेज (व्हॅक्यूम किती खोल गेला ते दाखवणारं), रेग्युलेटरसह नायट्रोजनचा छोटा सिलिंडर, ग्रॅममध्ये मोजणारा डिजिटल वजनकाटा आणि ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) घ्या. पुढच्या खेपेला आर-३२ ला (नव्या एसीतला गॅस; जुन्यांत आर-२२) चालणारा मॅनिफोल्ड (गेज आणि नळ्यांचा संच), गॅस रिकव्हरी मशीन आणि अर्थ टेस्टर. हा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. आपल्या भागात सगळ्यात जास्त नुकसान अर्धवट व्हॅक्यूममुळे, म्हणजे गॅस भरण्याआधी पाइपातली हवा आणि ओल पूर्ण न काढल्यामुळे होतं.

पाइपात हवा राहिली तर ती कंडेन्सरमध्ये अडकून बसते आणि डिस्चार्ज प्रेशर वाढवते. फेब्रुवारीत ३० अंशांना तोच एसी नीट चालतो, म्हणून काम चांगलं झालं असं वाटतं. मे महिन्यात बाहेर ४६ अंश झाले की कंडेन्सिंग तापमान ६० अंशांच्या आसपास जातं. तेव्हा आर-२२ चं प्रेशर साधारण ३४० पीएसआय असतं, तर आर-३२ चं ५५० पीएसआयच्या घरात. त्यात अडकलेल्या हवेची भर पडली की कंप्रेसर ओव्हरलोडवर ट्रिप होतो, आणि गिऱ्हाइकाला सांगितलं जातं की गॅस कमी आहे. वरून आणखी गॅस भरला की प्रेशर अजून चढतं. आर-२२ चा जुना मॅनिफोल्ड आर-३२ ला का चालत नाही, हेही याच आकड्यांवरून कळतं: त्याचं हाय साइडचं गेज बहुधा ५०० पीएसआयला संपतं.

व्हॅक्यूम घेताना वेळ मोजू नका, मायक्रॉन मोजा. ५०० मायक्रॉनच्या खाली गेल्यावर व्हॉल्व्ह बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. काटा थोडा वर येऊन स्थिरावला तर आत ओल आहे, पंप पुन्हा लावा. न थांबता चढतच राहिला तर लिकेज आहे. व्हॅक्यूममध्ये असताना कंप्रेसर चालू करू नका आणि मेगरही लावू नका, आत ठिणगी पडून वाइंडिंग जाऊ शकतं. इन्व्हर्टर एसीत मेगर लावण्याआधी कंप्रेसरच्या वायरी पीसीबीपासून (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) सोडवा.

साहित्य देण्या-घेण्याची वही एकाच माणसाकडे असावी, शक्यतो ज्याचं दुकान रोज उघडं असतं त्याच्याकडे. नेताना आणि परत करताना पंपाच्या तेलाचा रंग लिहायचा. तेल दुधाळ दिसलं तर ज्याने वापरला त्याने बदलून द्यायचं. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत परत. हंगामात एका दिवसापेक्षा जास्त कुणालाच नाही, अध्यक्षालाही नाही. संघटना मोडतात त्या बहुतेक या वहीवरून, तेव्हा तिच्यात ढिलाई नको.

लिकेज तपासायला ऑक्सिजनचं प्रेशर कधीही टाकू नका. कंप्रेसरच्या तेलाशी ऑक्सिजन आला की स्फोट होतो. वेल्डिंगवाल्याकडचा सिलिंडर हाताशी असतो म्हणून हा प्रकार खेड्यात घडतो. नायट्रोजनचा सामाईक सिलिंडर ठेवण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. रिकव्हरी सिलिंडर प्रत्येक गॅसचा वेगळा हवा, आणि तो ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नाही. उन्हात द्रव फुगायला जागा राहिली पाहिजे.

महिन्याची बैठक

तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी दुकानं सोडता येत नाहीत, म्हणून तो दिवस टाळा. महिन्यातला एकच वार ठरवा आणि बदलू नका. दोन तास पुरे. एप्रिल-मेमध्ये रात्री नऊनंतर अर्धा तास भेटलात तरी चालेल, पण खाडा नको.

पहिला एक तास टेबलावरच्या मेलेल्या भागांचा. प्रत्येकाने त्या महिन्यात बदललेला एक भाग आणायचा: जळालेला कंप्रेसर, फुगलेला कपॅसिटर, पाणी शिरलेला कूलर पंप, तुटलेली फ्लेअर (नळीचं पसरवलेलं तोंड). तो सगळ्यांसमोर उघडायचा आणि मेला कशाने ते शोधायचं. भाग बदलणं सगळ्यांना येतं, कारण शोधणं फार थोड्यांना. कपॅसिटर मीटरवर मोजा. ३५ मायक्रोफॅरडचा, पाच टक्के कमी-जास्त चालणारा कपॅसिटर ३३ च्या खाली आला असेल तर तो गेला. पण तो सहा महिन्यांतच का गेला, हे विचारा. उत्तर पुष्कळदा उन्हात तापणाऱ्या आउटडोअरमध्ये किंवा लाईनमध्ये सापडतं. कृषिपंप सुरू झाले की गावातल्या डीपीवर व्होल्टेज १७० पर्यंत बसतं. तेवढ्यावर कंप्रेसर उठत नाही, नुसता गुणगुणतो, सुरुवातीचा मोठा करंट ओढत राहतो आणि ओव्हरलोड तोडतो. हे दिवसातून वीस वेळा झालं की वाइंडिंग जळतं. म्हणून कामावर गेलं की चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळचं व्होल्टेज जॉबकार्डावर लिहायची सवय सगळ्यांना लावा. गावागावांचे हे आकडे बैठकीत एकत्र केले की महावितरणकडे अर्ज करताना हातात पुरावा असतो.

दूध संकलन केंद्रांवरचे चिलर थ्री फेजचे असतात. दूध चार अंशांपर्यंत वेळेत उतरलं नाही तर अख्खं संकलन जातं. एक फेज गेल्यावर मोटर दोन फेजवर चालत राहून जळते, म्हणून सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बायपास केलेला दिसला तर तो आधी जोडा, मग बाकीचं पाहा.

बैठकीच्या दुसऱ्या तासात एकच काम हाताने करायचं. जुलै-ऑगस्टमध्ये, काम थंडावल्यावर, पूर्ण दिवसाचं प्रशिक्षण ठेवा. १६ सप्टेंबरला जागतिक ओझोन दिन असतो, १९८७ चा मॉन्ट्रियल करार त्याच तारखेला झाला. त्या दिवशी आयटीआयच्या मुलांना बोलवा आणि रिकव्हरी मशीन प्रत्यक्ष चालवून दाखवा. भाषणाची गरज नाही.

होळीआधीची अर्थिंग मोहीम

संघटनेने वर्षात एकच सार्वजनिक काम करायचं ठरवलं तर ते हे करावं. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात. पत्र्याची बॉडी, आत पाणी, ओली जमीन आणि अनवाणी पाय, या चार गोष्टी एकत्र आल्या की पंपाच्या वायरीचा एक उघडा जॉइंट पुरतो.

घरमालक म्हणतो, एमसीबी आहे ना! त्याला हिशेब करून दाखवा. अर्थिंगचा रेझिस्टन्स २० ओहम असेल तर २३० व्होल्टला फॉल्ट करंट साडेअकरा अँपिअर होतो. १६ अँपिअरचा एमसीबी त्यावर पडत नाही आणि कूलरची बॉडी जिवंत राहते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जमिनीत गळणारा करंट ओळखून लाईन तोडणारा स्विच) मात्र ताबडतोब पडतो. त्यामुळे कूलरच्या सर्किटला आरसीसीबी बसवायला सांगणं हा मोहिमेचा पहिला निरोप.

दुसरा निरोप अर्थिंगच्या खड्ड्याबद्दल. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते आणि कोरडी पडते. म्हणजे कूलर चालू असतो नेमक्या त्याच महिन्यांत अर्थिंग सगळ्यात वाईट असतं. जुलैमध्ये मोजलेला आकडा उपयोगाचा नाही. मोहीम होळीआधी झाली तरी एप्रिलमध्ये अर्थ टेस्टर घेऊन पुन्हा फिरा, पाच ओहमच्या खाली आणण्याचा प्रयत्न करा, आणि दर आठ दिवसांनी खड्ड्यात पाणी टाकायला सांगा.

प्रत्येक घरी एवढं करा. आधी प्लग काढा. मोटर आणि पंपाचं इन्सुलेशन बॉडीशी मेगरने मोजा, एक मेगओहमच्या खाली आलं तर कूलर वापरू देऊ नका. पंपाच्या वायरीला मध्ये जॉइंट असेल तर वायर पूर्ण बदला, टेप गुंडाळून पाण्यात सोडू नका. प्लगची तिसरी पिन आणि बॉडी यांच्यात कंटिन्युइटी पाहा, दोन पिनांचा प्लग असेल तर तो काढून टाका. शेवटी आरसीसीबीचं टेस्ट बटण घरच्या माणसाच्या हाताने दाबून घ्या आणि महिन्यातून एकदा दाबायला सांगा. टेस्ट बटणाने तो पडतो, पण कूलर लावला की लगेच पडतो, अशी तक्रार आली तर तो काढू नका. बहुधा बॉडीला लाईन लागलेली असते, नाहीतर कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र केलेले असतात.

पाणी भरताना प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. स्विच न्यूट्रलमध्ये बसवलेला असेल तर बटण बंद असूनही आत लाईन असते. हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापून कूलरवर चिकटवा. घरातली बाई किंवा मूलच बहुतेक वेळा पाणी भरतं, म्हणून त्यांनाच समोर उभं करून सांगा.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात कूलरच्या बाजूंच्या ताट्या लवकर दगडासारख्या होतात. पाणी उडून जातं, क्षार टाकीत उरतात आणि रोज घट्ट होत जातात. तिथे टाकी दोन-तीन दिवसांनी पूर्ण रिकामी करायला सांगा. नुसतं वरून भरत राहिलं तर पंपाची जाळीही चोंदते. आणि कूलर लावलेल्या खोलीची समोरची खिडकी उघडी हवी. दमट हवा बाहेर गेली नाही तर अर्ध्या तासात खोली चिकट होते आणि दोष पंपावर येतो.

सदस्य कोणाला करायचं

सदस्य, शिकाऊ सदस्य आणि सहयोगी, एवढे तीन प्रकार पुरेत. आयटीआय झालेला असो की उस्तादाच्या हाताखाली शिकलेला, दोघांना एकच परीक्षा द्या. पाव इंच आणि तीन अष्टमांश इंच तांब्याच्या नळीचे ब्रेझिंगचे दोन जॉइंट, आतून नायट्रोजनचा हलका प्रवाह सोडून. मग नळी उभी चिरा. आत काळी खपली दिसली तर नायट्रोजन वापरला नाही किंवा कमी पडला. हीच खपली पुढे कॅपिलरीत (गॅस जाण्याची बारीक नळी) जाऊन बसते. त्यानंतर एक फ्लेअर, एक मेगरचं रीडिंग आणि एका फ्रिजचं वजन करून गॅस भरणं. आर-६००ए (आयसोब्युटेन) च्या घरगुती फ्रिजमध्ये गॅस ३० ते ७० ग्रॅमच्या दरम्यान असतो, तिथे अंदाजाने भरणाऱ्याचं काम चालत नाही. नापास झालेल्याला शिकाऊ म्हणून घ्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा बसवा. दुकानदार आणि स्पेअरपार्टवाले सहयोगी होतील, पण मतदान त्यांना नको. नाहीतर संघटना एका दुकानाची होते.

आचारनियम मोजकेच ठेवा, पण ते मोडणाऱ्याला काढून टाका. फ्रिजमध्ये स्वयंपाकाचा गॅस भरायचा नाही. आर-२२ च्या जुन्या एसीत आर-२९० (प्रोपेन) भरायचा नाही, कारण त्या एसीचा एकही स्विच ज्वलनशील गॅस गृहीत धरून बनवलेला नाही. निघालेला गॅस हवेत सोडायचा नाही. काढलेला भाग गिऱ्हाइकाला दाखवायचा. बंद न्हाणीघरात गॅस गिझर बसवून द्यायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रत्येक सदस्याचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा सदस्यत्वाच्या अर्जासोबतच करून घ्या. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण, वय १८ ते ७०. तो १ जून ते ३१ मे असा चालतो आणि पैसे मे महिन्यात खात्यातून कापले जातात. ऐन हंगामात खात्यात २० रुपये आहेत ना, हे पाहण्याचं काम सचिवाचं.

नोंदणी आणि दर

पहिलं वर्ष नोंदणीशिवाय काढलं तरी चालतं. नोंदणी करायची तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात, आणि महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचीही नोंदणी होते. दोन्ही कामं जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात. उद्दिष्टांत तांत्रिक शिक्षण, सुरक्षितता आणि ज्ञानाचा प्रसार लिहा. व्यापारी हिताची भाषा त्या कायद्यात बसत नाही.

गॅस भरण्याचा किंवा सर्व्हिसचा एकच दर ठरवून फलक लावण्याची इच्छा प्रत्येक संघटनेला होते. ते करू नका. २००२ च्या स्पर्धा कायद्याचं कलम ३ स्पर्धकांनी मिळून दर ठरवण्याला गैर मानतं, आणि संघटनेचा ठरावही त्यात येतो. त्याऐवजी कामाचा तपशील छापा: पूर्ण सर्व्हिस म्हणजे कॉइल धुणं, ड्रेन साफ करणं, करंट आणि व्होल्टेज लिहिणं, गॅस भरणं म्हणजे लिकेज शोधणं, नायट्रोजन टेस्ट, व्हॅक्यूम, वजन करून चार्ज. गिऱ्हाईक मग दोन दरांची तुलना स्वतः करू शकतं, आणि वरवर पाणी मारून जाणाऱ्याचा दर कमी का आहे तेही त्याला कळतं.

नागपुरात इश्रे (ISHRAE) या एसी-रेफ्रिजरेशन अभियंत्यांच्या देशव्यापी संस्थेची शाखा आहे, संस्था १९८१ ची. तिचा भर अभियंते आणि डिझाइनवर आहे, तेव्हा तालुक्याच्या संघटनेला ती पर्याय नाही. पण डिप्लोमा-डिग्री झालेल्या एक-दोन सदस्यांनी तिथलं सदस्यत्व घेतलं तर पावसाळ्यातल्या प्रशिक्षणाला चांगला वक्ता मिळतो. त्यांना विषय आधी कळवा: ४६ अंशांना कंडेन्सर कसा निवडायचा, किंवा छोट्या शीतगृहाचा लोड कसा काढायचा. वरूड-मोर्शीकडच्या संत्र्यांमुळे दुसऱ्या विषयाला श्रोते कमी पडत नाहीत.

कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करा आणि दर वर्षी हिशेब तपासून घ्या. हे दोन कागद राहिले की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बँक खात्यावर सही कुणाची यावरून अडतं, आणि व्हॅक्यूम पंप कुलपात पडून राहतो.