शाळेचा वार्षिकांक काढताय? या चुका टाळा

डिसेंबर लागला की पुण्याच्या नारायण पेठेतल्या प्रेसच्या काउंटरवर शिक्षक पेनड्राइव्ह घेऊन उभे. स्नेहसंमेलन आठवड्यावर आलेलं आणि म्हणणं एकच, ‘फाइल रेडी आहे, फक्त छापायचंय.’ फाइल रेडी कधीच नसते.

माझा खास राग गटरवर. समोरासमोरच्या पृष्ठांमधली, बांधणीकडची जागा म्हणजे गटर. परफेक्ट बाइंडिंगचा, म्हणजे पाठीला गोंद लावून चिकटवलेला अंक पूर्ण सपाट उघडत नाही. तिथलं बरंच काही आत गडप होतं. एका शाळेने दहावीचा ग्रुप फोटो हौसेने दोन पृष्ठांवर पसरवला. मधली खुर्ची कोणाची? मुख्याध्यापिकाबाईंची. अंक आला तेव्हा बाईंचा एक कान डाव्या पृष्ठावर, दुसरा उजव्या, चेहरा खाचेत. ‘पीडीएफमध्ये तर छान दिसत होतं हो!’ पीडीएफला पाठ असते का? प्रकाशन बाईंच्याच हस्ते होतं.

मी डमी, म्हणजे अंकाचा हाताने दुमडलेला नमुना, केल्याशिवाय लेआउटला बसतच नाही. पाठकोरे कागद दुमडायचे, मधे पिना मारायच्या, पेन्सिलीने पृष्ठ क्रमांक घालायचे. आयतं टेम्पलेट उतरवणाऱ्यांना हे मागासलेलं वाटतं. वाटू दे.

पृष्ठसंख्येचा घोळही डमीतच कळतो. एक कागद दुमडला की चार पृष्ठं, म्हणून सेंटर पिनचा, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारलेला अंक चारच्या पटीतच होतो. ‘दोनच कविता वाढल्यात’ म्हणत ६४ ची ६६ केलीत की ६८ छापावी लागतात, आणि मग उरलेल्या जागेत ‘मित्रांच्या स्वाक्षऱ्या’!

कडेपर्यंत रंग असेल तर ३ मिमी ब्लीड सोडा, म्हणजे रंग कापायच्या रेषेबाहेर तेवढा वाढवा, नाहीतर कटिंगनंतर पांढरी रेघ दिसते. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर ते दाबून छोटे होऊन येतात. छापायच्या मापाला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, हवेत. स्क्रीनवरचा झगझगीत निळा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, मंदच उतरतो, त्यावरून प्रेसवाल्याशी भांडू नका. श्रीलिपी फॉन्टमधला जुना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या संगणक-मोबाइलच्या अक्षरपद्धतीत, आणलात तर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

आणि प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत. मुलांची नावं वर्गशिक्षकांनीच हजेरीपटाशी ताडायची. कवितेतली चूक खपते, आडनावातली नाही. मोबाइलवर बघून अंगठा पाठवणाऱ्यांचं प्रूफ मी धरत नाही. कागदी प्रिंटवर सही आणि तारीख, मगच छपाईची प्लेट.