कॉम्प्रेस्ड एअरमधली वीज वाचवायला नव्याने लागलेल्यांसाठी

युटिलिटीत (कारखान्याला वीज, हवा, पाणी पुरवणाऱ्या विभागात) नवा इंजिनिअर आला की पहिल्यांदा कॉम्प्रेसर रूममध्ये शिरतो आणि महिन्याभरात नव्या मशीनचं कोटेशन मागवतो. माझा सल्ला उलटा आहे. आधी शॉप फ्लोअरवर, हवा जिथे वापरली जाते तिथे जा. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेतला 80 ते 90 टक्के भाग उष्णता होऊन निघून जातो, त्यामुळे वापराच्या टोकाला वाचलेली थोडी हवासुद्धा मीटरवर मोठी दिसते.

गळती मोजायला महागडं उपकरण लागत नाही. उत्पादन बंद असताना लोड-अनलोडवर (म्हणजे कधी हवा भरत, कधी नुसताच रिकामा फिरत) चालणारा एकच कॉम्प्रेसर सुरू ठेवा आणि काही सायकल्सची लोड व अनलोडची वेळ घड्याळावर टिपा. लोडच्या वेळेला दोन्ही वेळांच्या बेरजेने भागलं की क्षमतेचा किती हिस्सा गळतीत जातो ते कळतं. दुर्लक्षित प्लांटमध्ये 20-30 टक्के निघाले तर दचकू नका. 7 बार दाबाला 3 मिलिमीटरचं एक भोक साडेतीन-चार किलोवॅट खातं, तेही रात्रंदिवस. मुख्य पाइपवर शोधत बसू नका. कपलिंग, होजचे क्लॅम्प, एफआरएल (फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटरचा संच), सिलिंडरचे सील आणि उघडा राहिलेला ड्रेन इथेच बहुतेक सापडतं. गोंगाटात अल्ट्रासॉनिक डिटेक्टर कामाला येतो, नाहीतर साबणाचं पाणी आहेच.

आता खरी गोम. गळत्या बुजवल्या तरी बिल अपेक्षेइतकं उतरत नाही आणि मग वरिष्ठ तुमच्याकडे बघतात. कारण स्क्रू कॉम्प्रेसर अनलोडवर गेला तरी पूर्ण भाराच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतकी वीज घेतच राहतो. म्हणून गळतीच्या कामाला कंट्रोलचं काम जोडूनच करा: जास्तीचं मशीन बंद करा, कोणतं मशीन कधी सुरू होतं तो सीक्वेन्स बदला. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) एकाच, कमी-जास्त होणारा भार उचलणाऱ्या मशीनला पुरतो. सतत पूर्ण भारावर चालणाऱ्याला तो लावणं म्हणजे उगाच तोटा.

मग प्रेशर. 7 बारच्या आसपास 1 बार कमी केला तर साधारण 6-7 टक्के वीज वाचते, शिवाय उरलेली गळतीही घटते. ‘आमच्या मशीनला इतकं लागतंच’ असं ऑपरेटर म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नका, त्या मशीनच्या तोंडाशी गेज लावा. पुष्कळदा चोंदलेला फिल्टर किंवा बारीक होज निघतो, आणि त्या एका मशीनसाठी अख्खा प्लांट जास्त दाबावर चाललेला असतो.

इनटेकची हवा गार ठेवा. ती दर 4 अंश सेल्सिअस गार झाली की साधारण 1 टक्का वीज वाचते.

कामाला हात लावण्यापूर्वी आठवडाभराचे विजेचे युनिट आणि हवेचा फ्लो नोंदवून ठेवा, कारण नंतर ‘आधी किती होतं?’ हा प्रश्न येतोच. ऑडिट पद्धतशीर कसं करतात ते आयएसओ 11011 या आंतरराष्ट्रीय मानकात दिलं आहे. आणि गळतीची चाचणी तिमाहीच्या मेंटेनन्स शेड्यूलमध्ये घाला, कारण होज पुन्हा ढिले होतात.