पोर्टफोलिओसाठी ‘आधीचा’ स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी घ्या

नोकरी बदलायच्या वेळी पोर्टफोलिओ (आपल्या कामाच्या नमुन्यांचा संग्रह) करायला बसलं की अ‍ॅप किंवा वेबसाइटचं अंतिम डिझाइन सापडतं, पण आधी काय होतं आणि ते का बदललं याचा मागमूस नसतो. मुलाखतीत तर नेमकं तेच खोदून विचारतात.

१. काम हातात आलं की त्याच दिवशी जुन्या स्क्रीनचे स्क्रीनशॉट घ्या, मोबाइल आणि डेस्कटॉप दोन्हींवरचे. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस टाका. फोल्डर आपोआप क्रमाने लागतं.

२. आठवड्याअखेर दोन-तीन ओळी लिहा: काय ठरलं, का ठरलं, कोणता पर्याय सोडला. उदाहरणार्थ, ‘पुढे’ बटण वर घेतलं, कारण कीबोर्ड उघडला की ते झाकलं जायचं. सोडलेल्या पर्यायाचं चित्रही ठेवाच. माझ्या मते अंतिम डिझाइनपेक्षा तेच जास्त बोलतं, कारण तुमचा विचार त्यात दिसतो.

३. डिझाइन वापरात आल्यावर महिन्याभराने, बदलाने काय फरक पडला याचे आकडे टीमकडून मागून घ्या.

मात्र करारात गोपनीयतेचं कलम असेल, तर हे सगळं ऑफिसच्याच ड्राइव्हवर ठेवा आणि बाहेर दाखवण्याआधी लेखी परवानगी घ्या.